‘नको’चं बटण नसलेला कारभारी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका वाटणीपत्रातल्या चतुःसीमा. नायगावकडचे दोन भाऊ आले होते. एकाच बाकड्यावर, पण दोन टोकांना, तोंडं फिरवून बसलेले. मी कागद हातात धरून वाचत होतो आणि माझी बायको प्रयाग टाइप करत होती. आमची कामाची रीत पहिल्यापासून हीच. मी वाचायचं, तिनं बडवायचं.

“पूर्वेस गावठाणाचा रस्ता. पश्चिमेस नाला. दक्षिणेस…” दक्षिणेला काय खरडलंय ते मला लागेना.

“दक्षिणेला ह्याचं रान,” थोरला म्हणाला.

“नाव घ्यायला तोंड झिजतंय व्हय तुझं?” धाकटा म्हणाला.

प्रयागनं मान वर केली नाही. म्हणाली, “दादा, नाव घ्या. मशीनला ‘ह्याचं’ कळत न्हाई.”

दोघंही हसले. भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. तेवढ्यात पडद्यावर मधोमध ती चौकट आली. नवी सिस्टीम तयार आहे, आता टाकायची की नंतर? प्रयागनं न बघता ‘नंतर’वर टिचकी मारली, जशी ताटावरची माशी हाकलावी. दीड वर्ष ती रोज हाकलत होती. मग चहा आला. बशी तिची, कप माझा. बशी निम्मी झाल्यावर म्हणाली, “छातीवर कुणी बसल्यागत व्हायलंय ओ.” मी तिचं तोंड बघितलं आणि रस्त्यात जाऊन रिक्षा अडवली. दुकानाचं शटर त्या दोन भावांनी मिळून ओढलं. आत मशीन चालूच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

हा लेख खरं म्हणजे तिनं लिहायचा होता. या अंकाच्या संपादक बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या प्रयागला म्हणाल्या होत्या, “नांदेडच्या कोर्टासमोर चौतीस वर्षं बसलात. त्यावर लिहा.” प्रयाग म्हणाली, “मी दुसऱ्याचं बडवणारी बाई. मला कुठलं माझं सुचायलंय?” पण नंतर सकाळी दुकान झाडून झालं की गिऱ्हाईक यायच्या आधी ती काहीतरी टाइप करत बसायची. मी डोकावलो की पडदा झाकायची. “अंक विकत घेऊन वाचा, लोकांसारखं,” म्हणायची. अकरा पानं झाली होती. ती अकरा पानं आहेत. पण आज जशी आहेत तशी छापली, तर तुम्हाला त्यातला एक शब्द लागणार नाही. म्हणून या वर्षापुरतं मी लिहितोय. मी सातवी नापास. मला जी लिहिण्याची भाषा येते ती कोर्टाच्या कागदांवरून आलेली आहे, तेव्हा मधेच ‘सबब’ आणि ‘येणेप्रमाणे’ आलं तर सोसून घ्या. आणि राग आला तर माझा राग गिळून लिहायची मला सवय नाही.

माझा मूळ धंदा टाइपरायटर दुरुस्तीचा. उदगीरला एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो. टाइपरायटर म्हणजे बटणाला बांधलेली दांडी, दांडीच्या टोकाला अक्षर. बटण दाबलं की दांडी उठते आणि कागदावर थप्पड मारते. बस. यापलीकडं त्यात काही नाही. कोणत्या बटणाखाली कोणतं अक्षर हे मला झोपेतून उठवून विचारा. प्रयाग माझ्याहून शिकलेली. लातूरला मॅट्रिक केलेली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासऱ्यानं विचारलं होतं, “जावई काय करतात?” तर आमचा एक नातेवाईक म्हणाला, “तुमची मुलगी जे मशीन चालवते, ते हे दुरुस्त करतात.” एवढ्यावर लग्न झालं.

टाइपरायटर बिघडायचा तर सांगून बिघडायचा. एखादं अक्षर ओळीच्या वर उड्या मारायला लागायचं. फीत फिकी पडायची. रोलर कुरकुरायचा. चार दिवस आधी तुम्हाला कळायचं की हा आता दुरुस्ती मागणार आहे. मग मी रविवारी तो उघडायचो, रॉकेलनं धुवायचो, सोमवारी तो कामाला हजर. इमान म्हणतात ते हे.

मग कॉम्प्युटर आले. प्रयागनं महिनाभरात हात बसवला, कारण आमच्या मराठीच्या प्रोग्राममध्ये बटणं टाइपरायटरच्याच जागी होती. मला मात्र त्या डब्याच्या आत काय चाललंय ते कळायला लई दिवस लागले. जे कळलं ते साध्या शब्दांत सांगतो. डबा म्हणजे गोदाम समजा. त्या गोदामाला एक कारभारी लागतो. तुम्ही बटण दाबलं की ते अक्षर कुठं ठेवायचं, मागितलं की कुठून काढून द्यायचं, कागदावर छापायला कुणाच्या हाती द्यायचं, सगळं तो बघतो. या कारभाऱ्याला सिस्टीम म्हणतात. तो गोदामाबरोबरच येतो. तुम्ही त्याला निवडत नाही, त्याचं गाव तुम्हाला माहीत नाही, आणि त्याचा मालक सात समुद्रापलीकडं बसलेला. आता असा कारभारी इमानी निघाला तर तुमचं नशीब.

आमचा पहिला कारभारी अधूनमधून निळा व्हायचा. काम चालू असताना सगळा पडदा निळा, त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी, आणि सगळं ठप्प. एकदा माहूरला देवीचं दर्शन घेऊन परतलेला एक म्हातारा त्याच्या अर्जासाठी बसला होता. पडदा निळा झाला तसा तो सरसावून बसला. म्हणाला, “आता काय दावायलेत?” आम्ही काय दावणार? अर्ज गेला होता. पण त्या कारभाऱ्याबद्दल एक खरं सांगतो. तो पडला तरी आपण पडलो हे लपवत नव्हता. दुसऱ्यावर ढकलत नव्हता.

त्याच्या मागून जो आला तो ढकलायला शिकलेला होता. आमच्याकडं लाइट जाते. नांदेडात उन्हाळ्यात लाइट जाते हे लहान लेकराला ठाऊक आहे. लाइट गेली की मशीन बंद. परत आली, मशीन चालू केलं, तर प्रयाग पडद्यावरचं पहिलं वाक्य काय वाचून दाखवायची? तुम्ही मागच्या वेळी मशीन नीट बंद केलं नव्हतं! अरे, मी? मी कधी बंद केलं? तुला लाइट गेलेली कळत नाही? गिऱ्हाइकासमोर दुकानदाराला खोटं पाडायचं हे कुठलं वळण? मी दरवेळी पडद्यावर ओरडायचो आणि प्रयाग म्हणायची, “त्याला कान न्हाईत. तुमच्याच घशाला कोरड पडेल.”

याच ढकलण्यातून एक गोष्ट झाली, ती मला आजही टोचते. इथल्या एका कॉलेजातले प्राध्यापक त्यांचा प्रबंध आमच्याकडं टाइप करून घेत होते. मोठं काम होतं, प्रयागनं जीव ओतला होता. एका दुपारी त्यांच्या समोरच मशीन अडकलं. बाण हलेना, काही होईना. शेवटी बंद करून चालू केलं तर शेवटची चाळीस पानं नाहीत. आणि पडद्यावर वाक्य, फाइल योग्य रीतीनं जपलेली, म्हणजे सेव्ह केलेली, नव्हती. प्राध्यापकांना इंग्रजी येत होतं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, मराठीत अर्थ सांगितला आणि म्हणाले, “बाई, हे मशीन तुम्हाला येत नसेल तर तसं सांगायचं. माझं वर्ष वाया जाईल.” प्रयाग दर पानाला जपायची. मी बघितलं होतं. तिनं दोन रविवार बसून चाळीस पानं परत केली. आणि मी? मी त्यांना अडवलं नाही. मोठा माणूस, सुटाबुटातला, त्याला काय सांगायचं की चूक माझ्या बायकोची नाही, त्या डब्याची आहे? तो म्हणाला असता, सातवी नापास माणूस मला शिकवतोय. म्हणून गप्प बसलो. टाइपरायटरची दांडी तुटली असती तर मी छातीठोक सांगितलं असतं की दांडी तुटली, हे बघा. या डब्यात काय तुटलं ते दाखवताच येत नाही. म्हणून दोष जवळ बसलेल्या माणसावर येतो. आणि जवळ बाई बसलेली असली तर दुसरं कुणी शोधायची गरजच पडत नाही.

लातूरला आमची मुलगी सुनीता दिलेली आहे. तिच्या घराच्या खाली फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. लातूरला शिकणाऱ्या पोरापोरींची गर्दी, त्यामुळं ते दुकान कायम भरलेलं. एकदा आम्ही दोघं सुनीताकडं गेलो असताना खाली आरडाओरडा ऐकू आला. प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता, पाचला खिडकी बंद होणार होती, आणि चार वाजता त्या दुकानातली सगळी मशीनं एकाच वेळी नवी सिस्टीम टाकून घ्यायला बसली. सगळ्या पडद्यांवर एकच वाक्य, काम चालू आहे, मशीन बंद करू नका. खाली टक्के. बारा टक्के. बारा टक्के. तेरा टक्के. मालक कपाळाला हात लावून बसलेला. उदगीरच्या बाजूचा एक बाप पोरीला घेऊन उभा होता. आधी तो ओरडला, “कुणाला इचारून सुरू केलं हे? इचारलं का कुणाला?” मग पोरगी रडायला लागली तसा त्याचा आवाज बसला, आणि तो दुकानदाराला हात जोडून म्हणाला, “साहेब, म्या कशालाच हात लावला न्हाई हो. नुसता उभा होतो.”

त्याला वाटलं त्याच्यामुळं झालं. हे मी शंभरदा बघितलंय. मशीन बिघडलं की साधा माणूस आधी स्वतःचे हात मागं घेतो. आपलंच काही चुकलं असणार. शिकलेला माणूस दुसऱ्याला धरतो, न शिकलेला स्वतःला धरतो, आणि ज्यानं बिघडवलं त्याला कुणीच धरत नाही. प्रयाग त्या बापाला म्हणाली, “मामा, तुमचं काही चुकलं न्हाई. चला, दुसरीकडं बघू.” आम्ही चौघं रिक्षानं तीन दुकानं फिरलो. एक बंद, दोन भरलेली. तिसऱ्यात नंबर लागेपर्यंत पाच वाजून गेले. पोरगी ते वर्ष घरी बसली. तो बाप पुढं वर्षभर लातूरला आला की सुनीताच्या दारात भाजी ठेवून जायचा, आम्ही प्रयत्न केला म्हणून.

त्या दिवशी परत येताना एस.टी.त प्रयाग म्हणाली, “तुम्ही बघितलं का? ते इचारतं, आता का नंतर. ‘नको’ असं बटणच ठेवलं न्हाई. आपल्या घरात येऊन आपल्यालाच इचारायचं, आता मारू का नंतर मारू?” मी म्हणालो, “मग आपण काय करायचं?” ती म्हणाली, “नंतर. रोज नंतर म्हणायचं. मरेपर्यंत नंतर.”

तिला भीती होती ती आमच्या मराठीच्या प्रोग्रामची. तो जुना. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. नव्या सिस्टीमवर तो चालत नाही असं आमचा मशीनवाला रशीदभाई सांगून गेला होता. रशीदभाई वीस वर्षं आमचं मशीन बघतो, सरळ माणूस आहे. त्यानं नव्या पद्धतीचं मराठीही प्रयागला दाखवलं होतं. त्यात ‘क’ हवा तर इंग्रजी के दाबायचा. प्रयागनं दोन ओळी केल्या आणि हात मांडीवर ठेवले. म्हणाली, “रशीदभाई, माझ्या बोटांना हे शिकवायचं तर आधी जुनं विसरायला लावावं लागेल. ते मला जमायचं न्हाई.” चौतीस वर्षांची बोटं ती. त्यांना अक्कल होती. ती अक्कल सात समुद्रापलीकडच्या कुणीतरी एका सकाळी रद्द करून टाकायची, आणि वर याला सुधारणा म्हणायचं.

असो. ती गेल्यावर सुनीता मला लातूरला घेऊन गेली. दिवसकार्य तिकडंच झालं. पंधरा दिवसांनी मी नांदेडला आलो आणि दुकान उघडलं. बशी तशीच टेबलावर होती, चहा वाळून तळाला काळा झालेला. मशीन चालू होतं. आमचं मशीन इन्व्हर्टरवर असायचं, म्हणून लाइट गेली तरी तगलं होतं. पडदा मात्र ओळखीचा नव्हता. नवा रंग, नवी चित्रं, डोंगर, तळं. आणि इंग्रजीत स्वागत, ज्याचा अर्थ मला नंतर रशीदभाईनं सांगितला: तुमचं मशीन आता अधिक सुरक्षित आहे. तुमच्या सगळ्या फायली जागच्या जागी आहेत.

‘नंतर’ म्हणायला कुणी नव्हतं. म्हणून त्यानं ‘आता’ धरलं. कधी केलं, तेही त्यानंच लिहून ठेवलं होतं, रशीदभाईनं नंतर वाचून दाखवलं. ज्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर तिच्या चपला मांडीवर घेऊन बसलो होतो, त्याच संध्याकाळी.

मी तिची फाइल उघडली. अकरा पानं होती. जागच्या जागी. पण मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरांचा चिखल. मोठी अक्षरं, लहान अक्षरं, अर्धविराम, कंस, चिन्हं, एकाला एक लागून. जणू कुणी मूठभर खिळे कागदावर फेकले. मी दुसरी फाइल उघडली, वाटणीपत्र. तेही तसंच. तिसरी. तसंच. मी टेबलावर हात आपटला आणि बशी खाली पडून फुटली.

पडद्यावर मदतीचा एक नंबर होता. मी लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक बाई बोलली. हिंदीत, गोड.

“सर, सिस्टम बंद करके दोबारा चालू किया आपने?”

“केली. तीनदा केली.”

“सर, ये सिस्टम कौन यूज करता है?”

“माझी बायको.”

“तो फोन जरा मॅडम को दीजिए ना, सर. उनसे ही पूछ लेते हैं.”

मी फोन ठेवला. त्या बाईचा काय दोष? तिला जे वाक्य दिलंय ते ती वाचणार. पण ज्यानं ते वाक्य लिहून दिलं, तो मला भेटला पाहिजे. एकदा. कोर्टासमोर, भर दुपारी. त्याला मी बाकड्यावर बसवीन आणि विचारीन, तुझ्या घरात कुणी न विचारता शिरून तुझ्या बायकोची अक्षरं पुसली तर त्याला तू काय म्हणतोस? सुधारणा?

दुपारी रशीदभाई आला. आधी बसला, प्रयागच्या खुर्चीवर नाही, बाकड्यावर. मग मशीन बघितलं. म्हणाला, “भाऊ, भाभींचं काही पुसलं न्हाई. ऐका, समजून घ्या. तुमच्या प्रोग्राममध्ये मराठी कधी नव्हतंच. भाभी काना दाबायच्या, मशीन आपलं इंग्रजी के लिहून ठेवायचं. दावताना तेवढं त्याच्यावर मराठीचं कापड घालायचं. नव्या सिस्टीमनं ते कापड काढून टाकलं. आतलं उघडं पडलं.”

“मग कापड घाल परत.”

“ते कापड आता मिळत न्हाई. कंपनी बंद. नक्कल होऊ नये म्हणून कुलूप होतं त्याला, ते ही सिस्टीम मानत न्हाई.” त्यानं इंटरनेटवरून बदलून देणारं काहीतरी लावून बघितलं. जे निघालं ते इंग्रजीपेक्षा वाईट. पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली, जोडाक्षरं फुटलेली, निम्मी अक्षरं चौकोन. तोतरा माणूस ताप चढल्यावर बोलेल तसं. मी म्हणालो, “बंद कर. तिची भाषा अशी न्हाई.”

रशीदभाईनं ते बंद केलं. “मग एकच इलाज. फॉरमॅट मारू, कामापुरतं नवं टाकून देतो. दुकान तरी चालेल.”

फॉरमॅट मारायचा म्हणजे गोदाम मोकळं करून, झाडून, नवा कारभारी बसवायचा. या धंद्यात प्रत्येक दुखण्याचा हाच इलाज. मी त्याला म्हणालो, “रशीदभाई, तू ऊठ. माझा भाऊ आहेस म्हणून नुसतं ऊठ म्हणालो.” तो उठला. जाताना एवढंच म्हणाला, “भाऊ, छापून तरी घ्या. कागद पलटत न्हाई.” त्याच्या हातूनच मी ती अकरा पानं छापून घेतली आणि घरी गेलो. त्या दिवशी मी सुनीताशीही फोनवर नीट बोललो नाही. ती म्हणाली, “बाबा, जाऊ द्या, आईचं नशीब.” मी म्हणालो, नशिबाला मधे आणू नको. हे कुणाच्या तरी नोकरीचं काम होतं आणि त्यानं ते नीट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, झाडलं, आणि तिची पानं पुढं घेऊन बसलो. वाचायला नव्हे. नुसती बघत. मला इंग्रजी येत नाही, पण बटणावरची एबीसीडी येते. पहिल्या ओळीत काहीतरी मोठ्या अक्षरात होतं, मथळा असावा. त्याच्या खाली, मधोमध, सुटी पाच चिन्हं. आय. झेड. अर्धविराम. के. एक्स.

मी ती बघत बसलो आणि माझी बोटं टेबलावर आपोआप हलली. मला इंग्रजी येत नाही, पण कुठल्या बटणाखाली कुठली दांडी ते येतं. रशीदभाई म्हणाला होता, मशीन फक्त बटण लिहून ठेवतं. मग हे इंग्रजी नव्हतंच. ही बटणं होती. आयच्या जागी प. झेडच्या जागी पायात लागणारा र. अर्धविरामाच्या जागी य. के म्हणजे काना. एक्सच्या जागी ग.

प्रयाग.

लेखकानं नाव मथळ्याखाली लिहायचं असतं, ते तिनं लिहिलं होतं.

मी कोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली. वरचा मथळा सोडवला. ‘माझ्या हाताखालून गेलेली माणसं.’ मग पहिली ओळ. एकेक बटण. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, कारण टाइपरायटरवर ती आधी मारावी लागते. त्या इंटरनेटवाल्याला हे कोण सांगणार? एक गिऱ्हाईक आलं, त्याला हातानं परत पाठवलं. उन्हं टेबलावर आली तेव्हा पहिलं पान झालं होतं. तिचे शब्द आहेत तसे देतो.

“आमचे मालक सगळ्यांना सांगतात की ते वाचतात आणि मी टाइप करते. हे निम्मंच खरं आहे. ते दर पानाला एक ओळ गाळतात. कधी दोन गाळतात. त्यांना ते कळत नाही. म्हणून काम आलं की मी कागद आधी एकदा डोळ्यांखालून घालते. त्यांना वाटतं मी पानं मोजते. गाळलेली ओळ मी माझी मी भरते. आजवर त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर ते वाचायचं सोडतील, आणि मला त्यांच्या आवाजाशिवाय टाइप करायची सवय नाही.”

मला इतका राग आला की पेन्सिल मोडली. चौतीस वर्षं! कोर्टात गेलेले एवढे दस्त, एकाही माणसानं येऊन सांगितलं नाही की ओळ राहिली, आणि मी छाती काढून फिरायचो की आमचं काम चोख. मी तिच्या खुर्चीकडं बघून म्हणालो, “सांगायचं होतंस ना. सांगितलं असतंस तर मी वाचायचं सोडलं नसतं.” मग पेन्सिलीचे तुकडे उचलले. सोडलं असतं. मी माझ्या स्वभावाला ओळखतो.

मोडलेल्या पेन्सिलीला टोक केलं. खणात आखायची लोखंडी पट्टी होती, ती काढली आणि दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीखाली धरली, म्हणजे खालची ओळ वर येणार नाही आणि वरची राहणार नाही. दुकानात कुणी नव्हतं. मी मोठ्यानं वाचायला लागलो.

“ई. एच.”

ईच्या जागी म. एचच्या जागी दुसरी वेलांटी.

“मी.”